सदाहरित जंगल: पाऊस मोजण्याआधी पानाचं वय मोजा

प्रश्न असा आहे: भूगोलात सदाहरित जंगल म्हटलं की विषुववृत्त, धो धो पाऊस आणि दमट हवा एवढंच शिकवतात. मग कॅनडा-सैबेरियाच्या बर्फात, स्पेनच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि न्यूझीलंडच्या गार पावसातही जंगलं बारा महिने हिरवी कशी राहतात? ही सगळी एकाच अर्थाने सदाहरित आहेत का? आणि समोर उभं राहून फरक ओळखायचा कसा?

एकाच अर्थाने नाहीत. ‘सदाहरित’ म्हणजे हवामान नव्हे, तो झाडाचा पानाबाबतचा व्यवहार आहे. सदाहरित झाडंही पानं गाळतात. फक्त नवी पानं कामाला लागेपर्यंत जुनी सगळी एकदम सोडत नाहीत. म्हणून झाड हिरवं दिसणं आणि पान दीर्घायुषी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या सेक्रोपियासारख्या घाईने वाढणाऱ्या झाडाचं पान काही महिन्यांतच गळतं, तरी शेंड्याला सतत नवं पान येत असल्यामुळे झाड सदाहरितच. पाइनच्या सुया साधारण दोन ते चार वर्षं टिकतात, स्प्रूसच्या पाच-सात, थंड डोंगरावर त्याहून जास्त. अमेरिकेच्या ग्रेट बेसिनमधल्या ब्रिसलकोन पाइनच्या सुया तीस-चाळीस वर्षं फांदीवर राहतात.

पान बनवायला खर्च येतो: कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस. तो प्रकाशसंश्लेषणातून वसूल व्हायच्या आत पान गळलं तर व्यवहार आतबट्ट्याचा. पान पातळ आणि स्वस्त असेल तर वसुली लवकर होते, पण ते कीड, वारा, दुष्काळ यांपुढे टिकत नाही. जाड आणि चिवट पान टिकतं, पण त्याची वसुली सावकाश होते. २००४ साली १७५ ठिकाणच्या २,५४८ वनस्पतींची माहिती एकत्र करून हाच कल जगभर दिसतो हे दाखवलं गेलं. स्वस्त-अल्पायुषी ते महाग-दीर्घायुषी अशी एकच रांग, आणि बहुतेक झाडं त्या रांगेत कुठेतरी उभी.

ही रांग घरच्या घरी तपासता येते. एक सेंटिमीटर व्यासाच्या पंचने मुख्य शीर टाळून पानांच्या दहा चकत्या काढा, ७० अंश सेल्सिअसला ४८ तास वाळवा आणि मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. दहा चकत्यांचं क्षेत्रफळ ७.८५ चौरस सेंटिमीटर. वजन ०.०५ ग्रॅम भरलं तर चौरस मीटरला सुमारे ६४ ग्रॅम, म्हणजे बहुधा एका हंगामाचं पान. ०.१२ ग्रॅम भरलं तर सुमारे १५३, हे होम ओकसारख्या (भूमध्य प्रदेशातला सदाहरित ओक) कडक पानाचं माप. दोन चुका हटकून होतात. एक, सावलीतलं पान घेतलं जातं. त्याच झाडाचं सावलीतलं पान उन्हातल्या पानापेक्षा बरंच हलकं असतं, त्यामुळे तुलना नेहमी उन्हातल्या, पूर्ण वाढलेल्या पानांचीच करा. दोन, मायक्रोवेव्हमध्ये झटपट वाळवायला जाऊन कडा जळतात आणि वजन चुकतं.

जपानी परिस्थितिकीतज्ज्ञ किहाचिरो किकुझावा यांनी १९९१ मध्ये या हिशेबावरून एक गंमतीशीर निष्कर्ष काढला. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालं तर सदाहरित झाडांचं प्रमाण आधी जास्त, मध्ये कमी आणि पुढे पुन्हा जास्त होतं. कारण सोपं आहे. जिथे वर्षभर वाढ होऊ शकते तिथे पान टाकायचं कारणच नाही. जिथे सहा-सात महिने बरे असतात तिथे स्वस्त पान एका हंगामात पैसे फेडतं, मग हिवाळाभर त्याला पोसायचं कशाला? आणि जिथे जेमतेम तीन महिनेच ऊब मिळते तिथे एका हंगामात वसुलीच होत नाही, पान अनेक वर्षं वापरावं लागतं. एका टोकाला सदाहरितपणा सुबत्तेतून येतो, दुसऱ्या टोकाला टंचाईतून. दोन्हीकडे रंग तोच.

आता उष्ण प्रदेश. इथे ‘वर्षाला किती पाऊस’ हा प्रश्नच चुकीचा आहे. सिंगापूरला वर्षाला साधारण २,२०० ते २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला पाच-सहा हजार. पण सिंगापूरचा सरासरी पाऊस एकाही महिन्यात १०० मिलिमीटरच्या खाली जात नाही, म्हणून तिथे डिप्टेरोकार्प कुळातल्या उंच झाडांचं वर्षावन आहे. महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. तिथलं अंजनी, जांभूळ, पिसा यांचं जंगल सदाहरित आहे खरं, पण बुटकं. त्यात वारा आणि जांभा दगडावरच्या उथळ मातीचाही हात आहे. सह्याद्रीत दक्षिणेकडे जावं तसे कोरडे महिने कमी होतात आणि जंगलाची उंची वाढते, मग वार्षिक आकडा घटलेला का असेना.

म्हणून पावसाच्या तक्त्यावरून अंदाज बांधायचा तर कोरडे महिने मोजा. ढोबळ नियम असा: महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये, सरासरी तापमान सेल्सिअसमध्ये घ्या. पाऊस तापमानाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर महिना कोरडा. २५ अंशाला ही मर्यादा ५० मिलिमीटर होते. उष्ण प्रदेशात दाट झाडी महिन्याला साधारण १०० मिलिमीटर पाणी हवेत सोडते, म्हणून वर्षावनाच्या अभ्यासात १०० चीच मर्यादा धरतात. ५० खालचे महिने वेगळे आणि ५० ते १०० मधले वेगळे लिहा. दोन्ही एकत्र केले की निष्कर्ष चुकतात. या मोजणीची एक मर्यादाही आहे: तिला जमिनीखालचं पाणी दिसत नाही. ब्राझीलच्या पारा राज्यात चार-पाच महिने कोरडे असूनही जंगल हिरवं राहतं. १९९० च्या दशकात तिथे खोल खड्डे खणले तेव्हा मुळं १८ मीटर खाली पोचलेली सापडली. इतकंच नव्हे, ॲमेझॉनच्या बऱ्याच भागात नवी पालवी कोरड्या महिन्यांत फुटते, कारण तेव्हा ढग कमी आणि ऊन जास्त. पाणी खालून मिळतंय तोवर तिथे खरी टंचाई उजेडाची असते. दाट वर्षावनात जमिनीपर्यंत एक-दोन टक्केच प्रकाश पोचतो.

वर्षावनातली कोवळी पालवी जवळून पाहा. अनेक झाडांची नवी पानं लालसर किंवा फिकट पांढरट असतात आणि ओल्या फडक्यासारखी लोंबतात. ती आजारी नसतात. कोवळं पान मऊ असतं आणि किडी त्यालाच सर्वांत जास्त खातात. पुष्कळ झाडं त्या दिवसांत पानात हरितद्रव्य भरतच नाहीत. पान आधी पूर्ण पसरतं, मग कडक होतं आणि शेवटी हिरवं होतं. खाल्लं गेलं तरी नुकसान थोडकं. टोकाला लांब निमुळती शेपटी असते, तिच्यावरून पाणी लवकर निथळतं. झाडाच्या बुंध्याशी जमीन चाचपली तर मुळांची जाळी थेट पालापाचोळ्यातच शिरलेली दिसते. खालची माती बहुधा शतकानुशतकांच्या पावसाने धुऊन निघालेली असते आणि पोषणद्रव्यं झाडांच्या शरीरात व वरच्या पातळ थरात फिरत राहतात. म्हणूनच असं जंगल जाळून केलेली शेती पहिली काही पिकं झकास देते आणि मग बसते. राखेतलं खत संपलं की मातीत फारसं काही उरलेलं नसतं.

सलग जंगलाचे तुकडे झाले की दुसरं नुकसान सुरू होतं. ब्राझीलमधल्या मनाउसजवळ १९७९ पासून चालू असलेल्या प्रयोगात तुकड्यांच्या कडेपासून साधारण १०० मीटरपर्यंत झाडं मरण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं दिसलं. कडेने कोरडा वारा आत शिरतो आणि त्याचा फटका मोठ्या झाडांना जास्त बसतो. आता कागदावर हिशेब करा. १० हेक्टरचा चौकोनी तुकडा म्हणजे बाजू सुमारे ३१६ मीटर. चारही बाजूंनी १०० मीटर वजा केले की आतला शाबूत गाभा जेमतेम १.३५ हेक्टर उरतो.

उष्ण प्रदेशातही सगळी सदाहरित जंगलं पावसाच्या जोरावर उभी नाहीत, हे इथेच सांगून टाकतो. बोर्निओत पांढऱ्या वाळूवर केरंगास नावाचं जंगल आहे. इबान भाषेत त्याचा अर्थ भात पिकत नाही अशी जमीन. पाऊस शेजारच्या वर्षावनाइतकाच, पण झाडं बारीक, पानं लहान व कडक, आणि जमिनीवर कीटक पकडणाऱ्या घटपर्णी. पोषण इतकं कमी की पान गाळणं परवडतच नाही. त्याच बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यातल्या दानुम खोऱ्यात, चांगल्या जमिनीवर यलो मेरांटी जातीचं १००.८ मीटर उंचीचं झाड मोजलेलं आहे.

तैगाकडे, म्हणजे उत्तरेकडच्या थंड सूचिपर्णी जंगलांच्या पट्ट्याकडे, वळताना आधी एक गैरसमज काढतो. सूचिपर्णी म्हणजे सदाहरित, असं नाही. लार्च, बाल्ड सायप्रस आणि मेटासिकोया ही सूचिपर्णी झाडं दर शरद ऋतूत सगळ्या सुया गाळतात. आणि थंडी जितकी कडक तितकं जंगल सदाहरित, हेही खरं नाही. कॅनडा, फिनलंड, पश्चिम सैबेरिया इथे स्प्रूस, फर आणि पाइन आहेत. पण पूर्व सैबेरियात, जिथे व्हर्खोयान्स्कला उणे ६७.८ अंशांची नोंद आहे आणि जमीन कायमची गोठलेली आहे, तिथे लार्चचं राज्य आहे. जगातल्या सर्वांत उत्तरेकडच्या जंगलांपैकी एक, तैमिर द्वीपकल्पावरचं आरी-मास, साधारण ७२.५ अंश उत्तरेला आहे आणि ते पानगळी लार्चचंच. किकुझावांच्या हिशेबाची ही पुढची पायरी म्हणायची. सुया वर्षानुवर्षं वापरणं फायद्याचं खरं, पण हिवाळाभर त्या जगवण्याचा खर्च फायद्यापेक्षा वाढला की सोडून दिलेल्या बऱ्या. लार्च सुया गाळण्याआधी त्यांतला बराचसा नायट्रोजन परत ओढून घेतो आणि पुढच्या वर्षी पातळ, स्वस्त सुया बनवतो.

स्प्रूस-पाइनची सुई थंडीत जगते ती पाणी हलवून. दिवस लहान होऊ लागले की झाड तयारीला लागतं आणि पहिल्या हलक्या गारठ्यांनी ती तयारी पक्की होते. पेशीतलं पाणी बाहेर, दोन पेशींच्या मधल्या पोकळीत जाऊन गोठतं. आतला रस साखरेने घट्ट होतो, आत बर्फाचे स्फटिक बनत नाहीत. खोडात पाणी वाहणाऱ्या नळ्या इतक्या अरुंद असतात, साधारण ३० मायक्रॉनच्या आत, की गोठून वितळताना हवेचे बुडबुडे अडकून बसत नाहीत. रुंद नळ्यांच्या झाडांची पाणीवाहिनी इथेच तुटते. कडक हिवाळ्यात सुया हिरव्या दिसतात, पण कारखाना बंद असतो. हरितद्रव्य ऊन पकडतं आणि सुई ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देते. तसं केलं नाही तर त्याच उजेडाने ती करपेल.

खरा धोका मध्यहिवाळ्यात नसतो, तो हिवाळा सरताना असतो. ऊन तापतं, सुईतलं पाणी उडू लागतं, पण मुळं अजून गोठलेल्या मातीत. झाड बर्फावर उभं राहून तहानेने सुकतं. लक्षणं ठळक असतात: बर्फाच्या वर असलेल्या सुया तांबूस-तपकिरी, बर्फाखाली दबलेल्या हिरव्यागार, आणि मध्ये फुटपट्टीने आखल्यासारखी रेघ. रॉकी पर्वतात गरम कोरडा वारा सुटल्यावर डोंगराच्या उतारावर असा लाल पट्टाच उमटतो. रोग समजून औषध फवारणं किंवा झाड तोडणं ही नेहमीची चूक. कळ्या बहुधा जिवंत असतात. कळी उभी चिरून आत हिरवी दिसते का बघा आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवे कोंब येईपर्यंत थांबा.

स्प्रूस किंवा फरची तब्येत ओळखायची तर सुयांच्या पिढ्या मोजा. फांदीच्या टोकापासून मागे या. दर वर्षाची वाढ जिथे थांबते तिथे कळीच्या खवल्यांच्या खुणांचं बारीक कडं असतं. अशी किती वर्षं मागे गेल्यावर सुया विरळ होतात ते मोजा. पाच-सात पिढ्या असाव्यात तिथे दोन-तीनच असतील तर झाड ताणात आहे. शरद ऋतूत सर्वांत आतल्या, जुन्या सुया पिवळ्या पडून गळणं नैसर्गिक आहे, टोकाच्या सुया तपकिरी होणं नाही. जुन्या सुयांची उन्हाकडची बाजू पिवळी आणि सावलीकडची हिरवी असेल तर मॅग्नेशियमच्या कमतरतेची शंका घ्या. काही पाइन वर्षातून दोन-तीनदा वाढतात, तिथे ही मोजणी फसते आणि सुया आहेत त्यापेक्षा जुन्या ठरतात.

समशीतोष्ण वर्षावनं वेगळ्याच कारणाने सदाहरित आहेत. वॉशिंग्टन राज्यातल्या होह खोऱ्यात वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे तिथे पानगळी झाडंही सुखाने राहायला हवीत. पण पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा तुलनेने कोरडा. पानगळी झाडाला पानं असतात नेमकी पाण्याची ओढ असलेल्या महिन्यांत. डग्लस फर आणि हेमलॉक मात्र सौम्य हिवाळ्यातही कमाई करत राहतात. हे कारण १९७९ मध्ये नीट मांडलं गेलं आणि मला ते आजही सर्वांत पटणारं वाटतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा रेडवूड, ज्यातलं सर्वांत उंच झाड ११५ मीटरच्या वर आहे, उन्हाळ्याची तूट समुद्राच्या धुक्याने भरून काढतो. धुकं सुयांवर साचून ठिबकतं आणि काही पाणी सुया थेट शोषतात. दक्षिण गोलार्धात सूचिपर्णींची ही जागा बऱ्याच ठिकाणी रुंदपानी झाडांनी घेतली आहे: चिलीत सदाहरित नोथोफॅगस, टास्मानियात उंच निलगिरी. चिलीतल्याच आलेर्से या सूचिपर्णी झाडाच्या एका बुंध्यात ३,६०० हून अधिक वार्षिक कडी मोजली गेली आहेत.

भूमध्य हवामान, म्हणजे ओला हिवाळा आणि रखरखीत उन्हाळा, जगात पाच ठिकाणी आहे: भूमध्य समुद्राभोवती, कॅलिफोर्नियात, मध्य चिलीत, दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला आणि ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य-दक्षिण भागात. या पाचही ठिकाणी लहान, कडक, चामड्यासारखी पानं आहेत. होम ओक उन्हाळ्यात सकाळी पर्णरंध्रं उघडतो आणि दुपारी बंद करतो. पान कोमेजून लोंबत नाही, कारण कडक सांगाडा त्याला उभं धरतो. निलगिरीची मोठ्या झाडावरची पानं उभी लटकतात, दुपारचं ऊन त्यांच्या कडेवर पडतं. म्हणून निलगिरीच्या जंगलात सावली शोधू नका.

अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवरचं गाराहोनाय आणि मडेरा बेटावरचं लॉरेल जंगल यांचा अक्षांश सहाराच्या आसपासचा आहे. व्यापारी वाऱ्यांनी आणलेले ढग उत्तरेच्या उतारांना अडतात, तेवढ्या पट्ट्यात जंगल आहे. ढगांच्या वर चढा, संपलं. दक्षिण चीन आणि जपानमध्ये अशीच तकतकीत पानांची जंगलं आहेत, पण तिथे उन्हाळी मोसमी पाऊस त्यांना पोसतो आणि त्यांची उत्तर सीमा हिवाळ्याची थंडी ठरवते.

आगीचा हिशेबही जंगलागणिक बदलतो. जॅक पाइनची शंकू-फळं राळेने चिकटलेली असतात, ती साधारण ५० अंशाला उघडतात. भूमध्य ओक बुंध्यातून पुन्हा फुटतात. ऑस्ट्रेलियातली माउंटन ॲश निलगिरी मोठ्या आगीत मरते आणि राखेत पडलेल्या बियांतून उगवते. पण रोपाला भरपूर बी धरायला साधारण वीस वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली तर जंगलच नाहीसं होतं. उष्ण वर्षावनातल्या झाडांची साल बहुतेक पातळ असते. गुडघाभर ज्वाळांची सावकाश सरकणारी आगही त्यांना पुरते, आणि झाडं लगेच न मरता पुढच्या दोन-तीन वर्षांत मरतात.

रोपं लावणाऱ्यांनी ‘सदाहरित’ या शब्दावर विसंबू नये, कारण बियांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. स्प्रूसचं बी सहा-आठ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून शून्याखाली अनेक वर्षं ठेवता येतं. पेरण्याआधी तीनेक आठवडे २ ते ४ अंशाला ओलसर ठेवलं तर ते एकसारखं उगवतं. डिप्टेरोकार्पचं बी वाळलं की मेलं, आणि फ्रीजमध्ये ठेवलं तरी बहुधा मेलं. ते पडल्यापासून काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत पेरायचं. रोपांना सुरुवातीला ५० ते ७० टक्के सावली द्या आणि लावणीआधीच्या दोन-तीन महिन्यांत ती हळूहळू कमी करा. थेट उघड्या माळावर लावलेली रोपं करपतात. आधी वेगाने वाढणारी झाडं, मग त्यांच्या विरळ सावलीत ही. होम ओकची बी वाळलेली चालत नाही, पण थंडी सोसते. पाण्यात टाकून तरंगणारी काढून टाका, उरलेली ओलसर ठेवून ० ते ४ अंशाला काही महिने ठेवा. पेरताना आडवी, ३ ते ५ सेंटिमीटर खोल. पिशवी किमान ३० सेंटिमीटर खोल हवी, नाहीतर सोटमूळ तळाशी वळतं आणि पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात रोप जातं. भूमध्य हवामानात लावणी पानगळीच्या दिवसांत, पहिला पाऊस मुरल्यावर करा, म्हणजे मुळांना खाली जायला आख्खा ओला हिवाळा मिळतो. वसंतात लावलेलं रोप वरून छान दिसतं आणि जुलैत वाळतं.

मुळांवरच्या उपयोगी बुरशीसाठी जंगलातली मूठभर माती पिशवीत मिसळण्याची पद्धत आहे. माती त्याच जंगलातल्या निरोगी झाडाखालची असेल तरच हे करा. न्यूझीलंडच्या कौरी झाडांना आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जारा जंगलाला मारणारे फायटोफ्थोराचे (मातीत राहणाऱ्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचे) रोग मातीबरोबरच पसरतात, बुटांच्या तळव्याला चिकटलेला चिखलही पुरतो. जंगलात शिरताना आणि बाहेर पडताना बूट, कुदळ आणि चाकं आधी ब्रशने घासून माती पूर्ण काढा, मगच जंतुनाशक मारा. चिखलाच्या थरावर मारलेलं जंतुनाशक आतल्या बीजाणूंपर्यंत पोचत नाही.